नव्या वस्तीत, लहान मुलासोबत

प्रश्न : ताई, नवऱ्याच्या बदलीमुळे तीन महिन्यांपूर्वी आम्ही नव्या जागी राहायला आलो. मुलगी अडीच वर्षांची आहे. आधीच्या घरी दार उघडं दिसलं की शेजाऱ्यांकडे पळायची. इथे बागेत नेलं तर माझ्या पायाला चिकटून उभी राहते, नाहीतर एकटीच कोपऱ्यात माती उकरत बसते. रात्री दोनदा रडत उठते आणि बंद झालेली अंथरुणातली शू पुन्हा सुरू झाली आहे. बागेतल्या बायकांचा गट ठरलेला आहे. मी हसते, त्याही हसतात आणि पुन्हा आपल्या गप्पांना लागतात. नवरा घरी येईपर्यंत एकाही मोठ्या माणसाशी बोलणं झालं नाही, असे दिवस जातात. माझ्या गप्प बसण्यामुळे लेक एकलकोंडी होते आहे का?

उत्तर : नाही. हे आधी सांगते, कारण पत्रातली बाकी सगळी वाक्यं या शेवटच्या भीतीपोटी लिहिलेली वाटतात.

अडीच वर्षांच्या मुलांचं खेळणं आपल्याला वाटतं तसं नसतं. मिल्ड्रेड पार्टेन या अभ्यासिकेने 1932 मध्ये बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले. त्यातला एक म्हणजे समांतर खेळ : दोन मुलं शेजारी बसून एकाच प्रकारची खेळणी खेळतात, पण एकत्र खेळत नाहीत. मी बालवाडीत शिकवत होते, तेव्हा हे रोज पाहिलं. वाळूच्या हौदात दोघी पाठीला पाठ लावून बसायच्या, तासभर एकमेकींशी अक्षर बोलायच्या नाहीत. एक उठून हात धुवायला गेली की दुसरी लगेच वाळू टाकून तिच्या मागे. दोघींचं चांगलं मेतकूट होतं, फक्त ते बोलण्यात दिसत नव्हतं. तुमची लेक कोपऱ्यात माती उकरत असली तरी तिचं लक्ष कुठे आहे, ते बघा. मध्येच मान वर करून इतर मुलांकडे पाहते का? पाहत असेल तर तिची ओळख सुरू झाली आहे. 'जा, खेळ ना त्यांच्याशी' असं म्हणून पाठीमागून ढकलू नका. तिच्याजवळ खाली बसा. तुम्ही खाली बसलात की पायाला चिकटायची गरजच कमी होते.

रात्रीचं रडणं आणि शू या दोन्ही गोष्टी घर बदलल्यावर बऱ्याच मुलांत दिसतात. शिकलेली गोष्ट काही काळ मागे जाते आणि पुन्हा येते. शिवाय पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओलं होणं हा आजार मानत नाहीत. रागावू नका, दुसऱ्यांसमोर त्याचा उल्लेख करू नका. मात्र शू करताना दुखत असेल, ताप असेल किंवा ती एकाएकी खूप पाणी पिऊ लागली असेल, तर डॉक्टरांना लगेच दाखवा.

इथे माझी एक चूक सांगते. आम्ही घर बदललं तेव्हा माझा मुलगा तीन वर्षांचा होता. नव्या घरात सगळं नवं असावं म्हणून मी त्याचं विटकं, कडेला उसवलेलं पांघरूण सामान बांधतानाच देऊन टाकलं. पहिल्या रात्री तो सगळ्या खोल्या फिरून आला आणि म्हणाला, "आता घरी जाऊ या." पुढे कितीतरी रात्री हेच. त्या पांघरुणाला जुन्या घराचा वास होता. ते जवळ असतं तर निदान अंथरुणापुरतं तरी त्याचं घर त्याच्यापाशी राहिलं असतं. तुमच्याकडे तसं काही उरलं असेल तर जपा आणि इतक्यात धुऊ नका. झोपायच्या आधीचा क्रमही आधीच्या घरी होता तोच ठेवा : तीच गोष्ट, तेच गाणं, दिवा मालवायची तीच वेळ.

आता तुमच्याविषयी. ओळखीची मैत्री व्हायला किती वेळ लागतो, हे जेफ्री हॉल या अमेरिकी अभ्यासकाने मोजून पाहिलं होतं. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात साध्या मैत्रीसाठी साधारण 50 तास एकत्र घालवावे लागतात, असं दिसलं. जिवलग मैत्रीला 200 तासांहून जास्त. तुम्ही आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास कुणासोबत घालवलात, तरी 50 तास भरायला वीस आठवडे लागतील. तुमचे जेमतेम बारा-तेरा आठवडे झालेत आणि त्यातही तुम्ही एकाच बागेत होतात, एकत्र नव्हतात. तुमच्यात काही कमी आहे म्हणून हे घडलेलं नाही.

त्या गटात शिरायचा प्रयत्न सध्या सोडून द्या. चार-पाच जणींच्या चाललेल्या गप्पांत नव्या माणसाने शिरणं कुणालाही अवघड जातं. रोज त्याच वेळी जा, त्याच बाकावर बसा, फोन पिशवीत ठेवा. आणि कडेला एकटी उभी असलेली कुणी दिसते का, ते शोधा. जिचे दिवस आधीच भरलेले आहेत, तिच्यापेक्षा जी स्वतः नवी आहे तिच्याकडे तुमच्यासाठी जागा असते. मुलाचं नाव विचारा आणि दुसऱ्या दिवशी ते नाव घेऊन हाक मारा. मातीत खेळायला एकाऐवजी दोन फावडी न्या. दुसरं फावडं उचलायला कुणीतरी येतंच आणि त्याच्या मागे त्याची आई.

पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. त्याच नव्या जागी मुलाला बालवाडीत घालायचं ठरलं आणि फॉर्म हाती आला. नाव, जन्मतारीख, लसीकरण, सगळं भराभर लिहिलं. मग एक रकाना आला : 'आई-वडिलांशी संपर्क न झाल्यास कुणाला कळवावे?' पेन तिथेच थांबलं. दोन दिवस तो फॉर्म टेबलावर तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी मी खालच्या मजल्यावरच्या बाईंचं दार वाजवलं. येता-जाता हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती, त्यांचं आडनावही मला ठाऊक नव्हतं. म्हटलं, "एका फॉर्मवर तुमचं नाव लिहू का? मला इथे दुसरं कुणीच नाही." त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, दारातच भिंतीला टेकवून स्वतःच्या हाताने पूर्ण नाव आणि नंबर लिहिला आणि विचारलं, "याला कुठलं औषध चालत नाही असं काही आहे का?" त्या संध्याकाळी त्या स्वतःहून वर आल्या.

तोवर मी समजत होते की आधी मैत्री होते, मग मदत मागता येते. खरं तर पुष्कळदा मागण्यापासूनच मैत्री सुरू होते. माणसाला आपला उपयोग झालेला आवडतो. म्हणून मागा. लहानच मागा. 'तुम्ही मुलांना कुठल्या डॉक्टरांकडे नेता?' 'मी दोन मिनिटांत येते, हिच्याकडे बघाल?' आणि समोरची नाही म्हणाली तर ते त्या दिवसापुरतं माना, दुसरीला विचारा.

एक सांगणं मात्र मनावर घ्या. मुलगी झोपलेली असतानाही तुम्हाला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, विनाकारण रडू येत असेल आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर हा नुसता एकटेपणा नसेल. डॉक्टरांकडे जा आणि पत्रात लिहिलंत तितक्याच स्पष्टपणे त्यांना सांगा. आजच नवऱ्यालाही हे पत्र वाचायला द्या. तुमचे दिवस कसे जातात, हे त्यांना एवढ्या तपशिलात माहीत नसावं, असं मला वाटतं.

प्रश्न : बायको नोकरी करते, मी घरी राहून चार वर्षांच्या मुलाला सांभाळतो. नव्या वस्तीत आल्यापासून बागेत मी जवळ गेलो की मुलांच्या आया गप्प होतात. मुलाला मित्र हवेत, पण मी करू काय?

उत्तर : त्या गप्प होतात, कारण तुम्ही कोण हे त्यांना कळलेलं नसतं. अनोळखी पुरुष मुलांच्या आसपास दिसला की आया सावध होतात, ते मनाला लावून घेऊ नका. पहिल्याच वाक्यात सांगून टाका : "मी याचा बाबा, दिवसभर मीच याच्यासोबत असतो." बोलणं मुलांच्या विषयाने सुरू करा आणि निमंत्रण नेहमी अख्ख्या घराला द्या, तेही बायको घरी असेल त्या दिवशी. एकदा तिलाही बागेत घेऊन जा, दोघांना एकत्र पाहिलं की निम्मा संकोच तिथेच जातो. चार वर्षांचा मुलगा तुमच्यापेक्षा लवकर मित्र जमवेल. त्याच्या तोंडी जे नाव सारखं येतं, त्या मुलाच्या घरच्यांपासून सुरुवात करा.