जुन्या बाजारपेठेवरचे संशोधन: मुलीला आधार द्यायचा तो कसा?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपली मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षात शिकते आणि शहराच्या जुन्या भागातील बाजारपेठेच्या वारसा-जतनावर तिला संशोधन-प्रकल्प करायचा आहे. तिच्या मार्गदर्शकांना हा विषय फार मोठा वाटतो, तर घरच्यांना त्यातून पुढे चरितार्थ कसा चालेल याची काळजी वाटते. तिला लेझर स्कॅनर किंवा ड्रोन घेऊन द्यावा का आणि पदवीनंतर लगेच परदेशी पाठवावे का, असेही आपण विचारले आहे. आपण तिला या विषयापासून परावृत्त करण्याऐवजी तिच्या पाठीशी कसे उभे राहावे हे विचारलेत, याचा मला मनापासून आनंद झाला.

मार्गदर्शकांचे म्हणणे मला पटते. मात्र त्यावर उपाय विषय सोडण्याचा नसून प्रश्न लहान करण्याचा आहे. शहराचा वारसा म्हणजे सुट्या सुट्या देखण्या इमारती नव्हेत. रस्त्यांची रचना, मोकळ्या जागा, तिथले व्यवसाय, राहणारी माणसे आणि त्यांचे परस्परसंबंध हे सारे त्यात येते, आणि युनेस्कोने 2011 साली ऐतिहासिक नागरी परिसरांविषयी जी शिफारस स्वीकारली तिचाही रोख हाच आहे. क्षेत्र इतके पसरट असल्यामुळेच विद्यार्थ्याने त्यातला एक तुकडा निवडून तो तळापर्यंत पाहावा. ‘बाजारपेठेचे जतन’ हा प्रश्न होत नाही. ‘खाली दुकान आणि वर राहते घर अशी जी एक ओळ आहे, तिच्या दर्शनी भागात मागच्या शंभर वर्षांत कोणते बदल झाले आणि ते कोणत्या कारणांनी झाले’ हा प्रश्न होतो, कारण त्याचे उत्तर शोधण्याचे मार्ग डोळ्यांसमोर दिसतात: जुने भूमापन नकाशे, मालमत्ता आणि कराच्या नोंदवह्या, बांधकाम परवान्यांचे कागद, कुटुंबांकडचे फोटो आणि वयस्कर दुकानदारांच्या आठवणी. यांपैकी एकही साधन एकटे पुरेसे नसते. नकाशात इमारतीची बाह्यरेषा कळते, पण वरचा मजला कधी चढला ते बहुधा कळत नाही. आठवणीत कारण सापडते, पण साल चुकते. ही साधने एकमेकांशी ताडून पाहण्याची सवय लागणे, हेच मला अशा प्रकल्पाचे खरे शिक्षण वाटते.

यानंतर येते प्रत्यक्ष मोजमाप, आणि तिथे तिला सर्वांत जास्त वेळ लागेल. जुन्या इमारतीतील खोली काटकोनात आहे असे गृहीत धरून चारच भिंती मोजल्या तर कागदावरचा आराखडा सुबक दिसतो, पण तो त्या खोलीचा नसतो. म्हणून दोन्ही कर्णही मोजावे लागतात. भिंतीवरील दारे-खिडक्यांची मापे एकेक तुकड्याने घेतली तर प्रत्येक वेळची बारीक चूक पुढे साचत जाते, त्यामुळे टेप एका टोकाला पक्की धरून सर्व मापे त्याच बिंदूपासून सलग घ्यायची असतात. उंचीसाठी आधी पाणसळीने एक आडवी रेषा ठरवून तिच्यापासून वर आणि खाली मोजायचे असते. मोजता मोजता जे दिसते ते तर अधिकच मोलाचे असते. चुन्यात बांधलेल्या भिंतीला खालच्या बाजूस नंतर कोणी सिमेंटचा गिलावा केला असेल, तर आतली ओल बाहेर पडायला वाट न मिळाल्याने गिलावा जिथे संपतो त्याच्या वर डाग उमटतो, क्षार फुलून येतात आणि तिथली वीट भुसभुशीत होऊ लागते. दुरुस्तीच इमारतीला कशी बाधते, हे त्या एका डागावरून तिला जितके समजेल तितके व्याख्यानातून क्वचितच समजते. म्हणून प्रत्येक पानावर तारीख, जागा आणि मोजणाऱ्याचे नाव टाकलेली वही तिने जपावी, आणि स्वच्छ आरेखन तयार झाले तरी ती टाकून देऊ नये.

विद्यार्थ्याच्या अशा कामाचा जगाला काय उपयोग, असे घरात कोणी विचारले तर त्यांना पोलंडची राजधानी वॉर्सा हिच्याविषयी सांगावे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी तेथील तंत्रविद्यापीठाच्या पोलिश स्थापत्य विभागात, प्राध्यापक ऑस्कर सोस्नोव्स्की यांच्या मार्गदर्शनाखाली, विद्यार्थी जुन्या इमारतींची मोजमापे घेऊन आरेखने करत असत. 1944 च्या उठावानंतर जर्मन सैन्याकडून शहर पद्धतशीरपणे उद्ध्वस्त केले जात असताना हे कागद बाहेर काढून पिओत्र्कूफ येथील एका मठात लपवले गेले आणि युद्धानंतर जुने शहर पुन्हा उभारताना त्यांचा आधार घेतला गेला. ते पुनर्निर्मित शहर 1980 साली जागतिक वारसा यादीत आले. अलीकडचे उदाहरण पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचे आहे. रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्रांतसो या दोन वास्तुविशारदांनी जतनशास्त्राच्या शिक्षणाचा भाग म्हणून 2014 साली छपराच्या मध्ययुगीन लाकडी सांगाड्याचे बारकाईने आरेखन केले होते. 2019 च्या आगीत तो सांगाडा जळून गेला आणि तो पुन्हा घडवताना ती आरेखने कामी आली. आरेखन करणाऱ्यांना पुढे काय होणार याची कल्पना नव्हती. त्यांनी काम नीट केले होते आणि ते सापडेल अशा ठिकाणी होते, इतकेच.

या दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे काम सापडेल अशा ठिकाणी असण्याकडे, पालक आणि महाविद्यालये दोघांचेही फार दुर्लक्ष होते. प्रकल्पाला गुण मिळतात आणि पुढच्या वर्षी तो कपाटात किंवा एखाद्या जुन्या हार्ड डिस्कमध्ये नाहीसा होतो, हे पाहून मला खरोखर वाईट वाटते. स्मारकांच्या जतनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचे सोळावे कलम सांगते की जतनाच्या कामाच्या नोंदी सार्वजनिक संस्थेच्या अभिलेखागारात ठेवाव्यात आणि अभ्यासकांना त्या उपलब्ध असाव्यात. तोच दंडक विद्यार्थ्यांच्या कामाला लावायला हवा. नोंदींची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक शहराच्या अभिलेखागारात किंवा संग्रहालयात आणि एक इमारतीच्या मालकाकडे जाईल, हे प्रकल्प सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्या. त्यासाठी पत्रव्यवहार आणि पाठपुरावा लागतो, आणि आपण तो तिच्या वतीने करू शकता.

स्कॅनर किंवा ड्रोन विकत घेऊ नका. 1858 मध्ये जर्मनीतील वेत्सलारच्या कॅथीड्रलची मोजणी करताना उंचावरून पडता पडता वाचलेल्या वास्तुविशारद अल्ब्रेख्त मायडेनबाउअर यांना फोटोंवरून मापे काढण्याची कल्पना सुचली, तेव्हापासून या क्षेत्रात यंत्रांना मानाचे स्थान आहे आणि ते योग्यच आहे. परंतु स्कॅनर कोट्यवधी बिंदू टिपतो. त्यांपैकी कोणती रेषा मूळ भिंतीची आणि कोणती नंतरच्या भरावाची, हे ठरवणारी नजर हाताने मोजूनच तयार होते. एक चांगली टेप, हातात मावणारा लेझर मीटर आणि साधा कॅमेरा सध्या पुरेसा आहे. पुढे गरज भासलीच तर यंत्र काही दिवसांसाठी भाड्याने मिळते. वाचलेले पैसे नकाशांच्या प्रती, प्रवास आणि मदतीला येणाऱ्या सहाध्यायांच्या मानधनासाठी ठेवावेत.

एका बाबतीत मात्र तिच्याशी सविस्तर बोला. ज्या घरांत ती मोजायला जाईल तिथे माणसे राहतात, आणि त्यांतील काहींचा जागेवरचा हक्क नाजूक असू शकतो. कोणत्या मजल्यावर कोण राहते, भाडे किती, बांधकामाचा परवाना होता का, ही माहिती अहवालात जशीच्या तशी छापली गेली तर तिचा वापर त्यांच्याविरुद्ध होऊ शकतो. म्हणून आधी उद्देश समजावून सांगून संमती घेणे, नावे वगळणे, घराच्या आतील आराखडे संमतीशिवाय प्रसिद्ध न करणे आणि शेवटी आपले निष्कर्ष त्या रहिवाशांसमोर मांडणे, हे प्रकल्पाच्या वेळापत्रकातच असावे. ऐतिहासिक शहरांविषयीच्या 1987 च्या वॉशिंग्टन सनदेने रहिवाशांचा सहभाग अत्यावश्यक मानला आहे. इटलीतील बोलोन्या शहराने 1970 च्या दशकात जुन्या घरांच्या प्रकारांचा अभ्यास करून, तिथले रहिवासी तिथेच राहावेत या हेतूने त्यांचे सार्वजनिक निवासात रूपांतर सुरू केले, ते उदाहरण तिने अवश्य अभ्यासावे. वस्ती वाचवताना वस्तीतली माणसेच उठली, तर त्या जतनाला मी यश म्हणणार नाही.

आता चरितार्थाविषयी. हे क्षेत्र झटपट पैसा देणारे नाही आणि पहिली काही वर्षे मिळकत बेताची राहण्याची तयारी हवी, हे मी आपल्यापासून लपवणार नाही. तरीही काम अनेक प्रकारचे आहे: जतन करणाऱ्या वास्तुविशारदांची कार्यालये, नगर नियोजन विभाग, संग्रहालये, अभिलेखागारे, बांधकाम-साहित्याच्या प्रयोगशाळा, जुन्या बांधकामांची ताकद तपासणारे अभियंते आणि मोठ्या प्रकल्पांचा वारशावर होणारा परिणाम मोजणाऱ्या संस्था. नव्या इमारती बांधणाऱ्या कार्यालयांनाही जुन्या इमारतींचे अचूक सर्वेक्षण आणि नूतनीकरण जाणणारी माणसे लागतात, त्यामुळे हा प्रकल्प केल्याने तिचे इतर दरवाजे बंद होत नाहीत.

परदेशी शिक्षणाची घाई नको. पदवीनंतर वर्ष-दोन वर्षे तिने एखाद्या जतन-कामावर प्रत्यक्ष गवंडी, सुतार आणि अभियंत्यांबरोबर काम करावे. पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या शाखा वेगवेगळ्या आहेत. कुणाचा भर साहित्याच्या विज्ञानावर असतो, कुणाचा नियोजनावर, तर कुणाचा इतिहासावर. या प्रकल्पात ती भिंतीच्या ओलीपाशी अधिक रेंगाळते, नोंदवह्यांमध्ये रमते की रहिवाशांच्या बैठकींत, याकडे आपण दोघींनी लक्ष ठेवावे आणि शाखेची निवड त्यावरून करावी. प्रश्न लहान करून त्याचा एक पानी मसुदा तिने तयार केला की तो प्रथम तिच्या मार्गदर्शकांना दाखवावा आणि त्यांच्या शेऱ्यांसह माझ्याकडे पाठवावा. मी तो वाचून सविस्तर कळवीन.

आपला,
करिअर मार्गदर्शक