अँटिव्हायरस बंद केला होतास, हे बाबांना आजच सांग

‘ताई, मी अकरावी कॉमर्सला आहे, विक्रोळीला राहतो. घरी एक असेंबल केलेला पीसी आहे. ऑनलाइन शाळा सुरू झाली तेव्हा बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून आणला. नोकरीवरून आल्यावर ते त्याच्यावर तीन-चार दुकानांचे हिशेब लिहितात, टॅलीवर. मी सुट्टीच्या दिवशी फक्त दोन तास फुटबॉलचा गेम खेळतो. बाबा म्हणतात, गेममुळे कॉम्प्युटर खराब होतो. मी त्यांना टेम्परेचर दाखवलं, यूट्यूबवरचे व्हिडिओ दाखवले, कॅबिनेट उघडून धूळ साफ केली. तरी पटत नाही. गेम मित्राने पेनड्राइव्हवर दिला, इन्स्टॉल करताना अँटिव्हायरस तेवढ्यापुरता बंद करावा लागला, बाकी काही प्रॉब्लेम आला नाही. हल्ली गेम बंद असला तरी पंखा जोरात फिरतो, म्हणून बाबांचा संशय वाढलाय. परवा त्यांनी माझ्यादेखत कीबोर्ड काढून कपाटात ठेवला. आई म्हणते, समजून घे. पण त्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही आणि तरी ठरवणार तेच. त्यांना कसं पटवू? – एक वाचक’

अरे बाळा, बाबांना काय पटवायचं ते नंतर बघू. तुझ्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी पुढचं वाचायची थांबले. ‘अँटिव्हायरस तेवढ्यापुरता बंद करावा लागला, बाकी काही प्रॉब्लेम आला नाही.’ टेम्परेचर, व्हिडिओ, धूळ हे तू मोजून सांगितलंस आणि हे मात्र जाता जाता सांगून टाकलंस. मला उत्तर द्यायचं आहे ते ह्याच वाक्याला.

तुझा प्रश्न आधी मिटवते, कारण तो सोपा आहे. गेम खेळल्याने कॉम्प्युटर बिघडत नाही, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो, आणि शंभर अंशांच्या आसपास गेला की मशीन आपोआप बंद पडतं. ही सोय बनवतानाच केलेली असते. मशीन खराब होतं ते साठलेल्या धुळीने, आपल्याकडच्या दमट हवेने, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या कॅबिनेटमुळे आणि स्वस्तातल्या एसएमपीएसमुळे, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्यामुळे. एखादा मोठा व्हिडिओ एडिट करतानाही प्रोसेसर तितकाच राबतो. झालं, ह्या मुद्द्यावर तू जिंकलास.

पण तुझ्या घरात प्रश्न ह्या मुद्द्याचा नाहीच.

पेनड्राइव्हवरून मिळालेला, विकत न घेतलेला गेम म्हणजे कुणीतरी त्याचं कुलूप फोडून त्यात हवे ते बदल केलेले आहेत. कुणी, ते तुला माहीत नाही, तुझ्या मित्रालाही नाही. आणि तो बसवताना सूचना काय असते? अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो. कधी कधी तो खरंच उगाच ओरडतो, कारण कुलूप फोडणारी फाइल दिसली की त्याला संशय येतोच. पण कुठली ओरड खोटी आणि कुठली खरी, हे तुला कसं कळलं? तू ते तपासलं नाहीस. इमारतीच्या वॉचमनला अर्धा तास चहाला पाठवून दिलंस आणि त्या अर्ध्या तासात कोण आत आलं ते बघायला तूही गेटवर नव्हतास.

‘गेम नीट चालतो’ ह्यावर जाऊ नकोस. गेम नीट चालणं हाच त्या मंडळींचा आडोसा असतो. जून २०२१ मध्ये अव्हास्ट ह्या अँटिव्हायरस कंपनीने ‘क्रॅकोनॉश’ नावाच्या एका भानगडीची माहिती दिली होती. फुकट वाटल्या जाणाऱ्या, क्रॅक केलेल्या म्हणजे कुलूप फोडलेल्या लोकप्रिय गेम्समध्ये ती लपवलेली होती. गेम व्यवस्थित चालायचा. आत मात्र ही फाइल मशीन सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोजच्या मोजक्याच सोयींवर, सुरू होईल अशी व्यवस्था करायची, कारण तिथे अँटिव्हायरस जागा नसतो. मग तो अँटिव्हायरस काढून टाकायची, विंडोजचे अपडेट बंद करायची आणि कुणाला संशय येऊ नये म्हणून खाली कोपऱ्यात सगळं ठीक असल्याची हिरवी खूण लावून ठेवायची. त्यानंतर मालकाचा प्रोसेसर मोनेरो नावाचं आभासी चलन तयार करायला जुंपायची. जगभरातली दोन लाखांहून जास्त मशीन तिच्या ताब्यात गेली होती आणि त्यात भारतातलीही हजारो होती. कमाई वीस लाख डॉलरच्या वर. विजेचं बिल मात्र ज्याच्या त्याच्या घरी.

असं काही मशीनमध्ये शिरलं की बाहेरून काय दिसतं? मशीन मंदावतं. आणि काहीच उघडं नसताना पंखा जोरात फिरत राहतो.

तुझ्या मशीनमध्ये तेच आहे असं मी इथे बसून सांगू शकत नाही. पंखा दहा कारणांनी फिरतो. पण त्यातलं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे धूळ, आणि धूळ तू साफ केलीस असं तूच लिहिलं आहेस. कॅबिनेट उघडण्याइतकी अक्कल आणि हात तुझ्याकडे आहेत. मग हा प्रश्न तुला पडायला हवा होता. तो तू टाळलास, कारण त्याचं उत्तर तुला नको होतं.

आता त्या टेबलाकडे बाबांच्या जागेवरून बघ. नोकरी करून, लोकलचा प्रवास करून आलेला माणूस जेवून पुन्हा कामाला बसतो आणि तीन-चार दुकानांचे हिशेब लिहितो. ही दुकानं दर महिन्याला रिटर्न भरणारी असतील तर ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचा तपशील, आणि २० तारखेला ३-बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न. चुकलं तर दिवसाला पन्नास रुपये लेट फी, व्याज वेगळं, आणि दुकानदाराची बोलणी बाबांना. हे काम करणाऱ्यांच्या मशीनवर काय काय असतं, माहीत आहे? दुकानदारांचे जीएसटी पोर्टलचे युजरनेम-पासवर्ड. पॅन आणि आधारच्या कॉपी, बँक स्टेटमेंट. आणि बाबा चारचौघांसारखे असतील तर यातले बरेचसे पासवर्ड ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले. ‘रेडलाइन’सारखे चोर प्रोग्राम नेमके ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड गोळा करून पाठवून देतात. मशीनचं काहीच बिघडत नाही. पंखाही वाजत नाही.

दुसरा प्रकार त्याहून वाईट. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचं रॅन्समवेअर कित्येक वर्षं मुख्यतः ह्याच वाटेने पसरलं, क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरमधून. ते मोठ्या कंपन्यांच्या मागे फारसं लागत नव्हतं. घरातल्या पीसीवर यायचं, फोटोंपासून हिशेबांपर्यंत एकूण एक फाइल कुलूपबंद करायचं आणि एक चिठ्ठी ठेवायचं: ९८० डॉलर द्या, बहात्तर तासांत आलात तर अर्धे, ४९०. चार दुकानांची वर्षभराची खाती अशी अडकली तर बाबा त्या दुकानदारांना काय सांगणार? मुलगा फुटबॉल खेळत होता?

तू लिहितोस, बाबांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. हे मला मुळीच आवडलं नाही. त्या मशीनवर पैसे कमावून दाखवणारा घरात एकच माणूस आहे. आणि त्यांची भीती हवेतून आलेली नाही. अकरावीतल्या मुलाचे वडील म्हणजे १९९९ साली ते विशीच्या आगेमागे असतील. त्या वर्षी २६ एप्रिलला ‘सीआयएच’ नावाच्या व्हायरसने हार्ड डिस्क तर पुसल्याच, पण काही मशीनच्या मदरबोर्डवरचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्रामसुद्धा पुसला. तो पुसला की कॉम्प्युटर सुरूच होत नाही. चिप बदलावी लागते, नाहीतर बोर्डच. हा व्हायरस फिरला चोरट्या सॉफ्टवेअरच्या सीड्यांमधून, आणि एका गेमच्या फुकट डेमोबरोबरही. तेव्हा आपल्याकडे गेम म्हणजे फूटपाथवर घेतलेली सीडी. ‘गेम टाकला आणि कॉम्प्युटर गेला’ हे त्या पिढीने ऑफिसात, क्लासात, शेजारी ऐकलेलं आहे. कारण त्यांना नीट सांगता येत नसेल. पण गेमपाठोपाठ घाण येते, एवढं त्यांनी धरून ठेवलं आणि तुझ्या बाबतीत ते खरं ठरण्याची दाट शक्यता आहे. त्यांचं चुकलं ते इतकंच, की त्यांनी खेळण्याला दोष दिला. दोष बसवण्यात होता.

तेव्हा बाबांना पटवायचं सोडून दे. आज रात्री ते हिशेबाला बसायच्या आधी त्यांच्यासमोर उभा राहा आणि सांग, ‘बाबा, गेम मी विकत घेतला नव्हता. मित्राच्या पेनड्राइव्हवरून टाकला आणि टाकताना अँटिव्हायरस बंद केला होता. पासवर्ड बदलायला हवेत.’ बस. टेम्परेचर नाही, यूट्यूब नाही, ‘पण’ नाही. आईला पुढे करू नकोस. ते चिडतील, आवाज चढेल, कीबोर्ड महिनाभर कपाटात राहील. राहू दे. परवा सकाळी कुणा दुकानदाराच्या खात्यात गडबड दिसली आणि तेव्हा हे उघड झालं, तर कीबोर्डवर भागणार नाही. त्यांनी जमवलेली गिऱ्हाइकं जातील.

सांगून झालं की कामाला लाग, कारण इथे घरात तुझ्याइतकं कुणाला जमणार नाही. पीसीचं इंटरनेट आधी काढ. पासवर्ड बदलायचे ते त्या पीसीवरून नाही, बाबांच्या फोनवरून: ईमेल पहिला, मग बँक, मग जीएसटी पोर्टल. दुकानदारांना फोन बाबांनीच करायचा, पण तू शेजारी बस. टॅलीप्राइम असेल तर ऑल्ट आणि वाय दाबून डेटामध्ये बॅकअपची सोय आहे. तो बॅकअप, एक्सेलच्या फाइली आणि कागदपत्रं एका नव्या बाहेरच्या डिस्कवर घे. फक्त फाइली. कुठलाही सेटअप, कुठलाही प्रोग्राम उचलायचा नाही, गेम तर नाहीच. ती डिस्क दुसऱ्या स्वच्छ मशीनवर तपासून घे. मग पीसी पूर्ण फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका. नुसतं स्कॅन करून ‘काही सापडलं नाही’ म्हणत सुटका करून घेऊ नकोस. पहारेकऱ्याला एकदा बाहेर काढल्यावर त्याच मशीनने दिलेल्या निर्वाळ्याला अर्थ नाही. आणि विंडोज टाकताना ते लायसन्सचं आहे ना, हे बाबांना जरूर विचारायला लाव. असेंबल करून देणारे पुष्कळदा विंडोजच क्रॅक केलेलं टाकून देतात, आणि तसं असेल तर ही चर्चा बाबांशीही करावी लागेल, जरा आदराने.

मधल्या काळात बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज आला तर उद्यावर टाकायचं नाही, त्याच मिनिटाला १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करायचा.

नवीन विंडोजवर दोन खाती कर. ॲडमिनिस्ट्रेटरचं बाबांचं, पासवर्ड फक्त त्यांना ठाऊक. तुझं साधं स्टँडर्ड खातं. म्हणजे बहुतेक प्रोग्राम इन्स्टॉल करायचे झाले की त्यांना बोलवावं लागेल आणि ते स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचतील. तुला ते जाचक वाटेल. पण तुझ्या खात्यातून त्यांच्या खात्यातल्या फाइलींना हात लागणार नाही, आणि गेमबद्दल बोलायची वेळ आली तर त्यांच्याकडे धरायला काहीतरी असेल. दर शनिवारी बॅकअप तू घ्यायचा, आणि डिस्क काढून कपाटात. लावून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअर पीसीबरोबरच कुलूपबंद करतं. खेळायला पैसे नसतील तर एपिक गेम्सच्या स्टोअरवर दर आठवड्याला एखादा गेम रीतसर फुकट मिळतो, ‘काउंटर-स्ट्राइक २’ फुकट आहे. पण ते महिन्याभराने. आधी बाबांचं २० तारखेचं रिटर्न स्वच्छ मशीनवरून गेलं पाहिजे.

तो पेनड्राइव्ह कुठल्याही मशीनला लावू नकोस, बघायलासुद्धा नाही. मित्राला परत देताना त्यालाही हे सगळं सांग. त्यानेही अँटिव्हायरस बंद केलाच असणार, आणि त्याच्या घरी त्या मशीनवर कोण काम करतं, ते त्याला विचार.