बॅग अजून भरलेलीच

"मॅडम, हे घरी आले खरे, पण धड बोलत नाहीत. रात्री बारा वाजले की उठून पडवीत बसतात. डोक्यावर परिणाम तर झाला नसेल ना?"

२०२१ चा मार्च. दाभोळ खाडीकाठच्या एका गावातून ही दोघं माझ्याकडे समुपदेशनाला आली होती. (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवरा मालवाहू बोटीवर खलाशी. करार ९ महिन्यांचा, उतरला पंधराव्या महिन्यात.

मी त्याला फक्त विचारलं, वॉच, म्हणजे बोटीवरच्या ड्यूटीची पाळी, कोणता होता? "बारा ते चार." बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. वेड नव्हतं ते, अंगात मुरलेली ड्यूटी होती.

एरवी बोटीवर सलग ११ महिन्यांहून जास्त ठेवायचं नसतं. पण कोविडच्या नियमांमुळे बंदरं माणसं बदलू देईनात, विमानं बंद. २०२० च्या अखेरीस जगभरात चार लाखांच्या आसपास दर्यावर्दी करार संपूनही बोटींवर अडकले होते. याला तीनदा साइन ऑफची, म्हणजे काम संपवून बोटीवरून उतरायची, तारीख मिळाली, तीनदा ती पुढे गेली. तिसऱ्यांदा भरलेली बॅग त्याने पुन्हा रिकामी केलीच नाही. लागेल तेवढं वरचं काढायचा. घरीही ती तशीच कपाटाला टेकून उभी होती.

"आधीच पंधरा महिने सांगितले असते ना मॅडम, तर काढले असते," तो म्हणाला. हे मी त्या वर्षी बोटीवरच्या अनेकांकडून ऐकलं. कष्टाला ही माणसं डरत नाहीत. सरकत्या तारखेने आतून खचतात.

मग दाढेचं निघालं. दोन महिने ठणकत होती. समोर बंदराचे दिवे दिसायचे, पण डॉक्टरकडे जायलाही उतरू देत नव्हते. गोळ्यांवर दिवस काढले.

"फोनवर तर म्हणायचात, मजेत आहे!"

"आणि आई पडली ते तू कुठे सांगितलंस?"

पुढची दहा मिनिटं मी मध्ये बोलले नाही. एकमेकांना काळजी नको म्हणून दोघांनी इतकं लपवलं होतं की बोलायला काही उरलंच नव्हतं.

माझा पहिला सल्ला: आधी दाताच्या डॉक्टरांकडे जा. दुसरा बाईंना: 'पुढची बोट कधी?' हे घरात कुणी विचारायचं नाही. रात्री तो उठला तर बाजूला बसा, झोपेचा आग्रह नको. अशा घरांना मी एक गोष्ट मात्र बजावून सांगते. जेवण तुटलं, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर समुपदेशनाच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना गाठा.

पाचव्या भेटीत बाईंनी सांगितलं, बॅग उघडली. तळाशी मुलीचा फ्रॉक होता. जानेवारी २०२० मध्ये सिंगापूरला घेतलेला. त्यानंतर त्याचा पाय जमिनीला लागला तो थेट साइन ऑफलाच. फ्रॉक आता तिला होत नव्हता. तो हातात घेऊन त्याने बायकोला विचारलं, "हिला आता कितीचा लागतो गं?"