उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

वाचकांचे प्रश्न, गाडी दुरुस्तीवाल्याची उत्तरं

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. दिग्रस तालुक्यातल्या खेड्यात राहतो. माझ्याकडे २००७ सालची मारुती ८०० आहे. गाडी जास्त फिरत नाही. आठवडी बाजाराला जातो, तेवढंच. पण महिन्यातून एकदा सौभाग्यवतीला तपासणीसाठी यवतमाळला न्यावं लागतं आणि त्यासाठी पहाटे पाचला निघावं लागतं. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता कट-कट वाजतो, इंजिन फिरत नाही. गेल्या दिवाळीनंतर दुसरी बॅटरी टाकली, ३५ अँपिअर-तासाची. तीही तशीच उतरते. एका मिस्त्रीने गाडी चालू ठेवून मीटर लावला तर १४.१ व्होल्ट आले, तरी अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणारा भाग, बदला म्हणाला. दुसरा म्हणतो, वायरिंग जुनी झाली, पूर्ण नवी टाका. बाकी गाडी ठणठणीत आहे. मुलाने मागच्या वर्षी पुण्याहून आणून नवी म्युझिक सिस्टीम बसवून दिली, चावी न लावताही गाणी लागतात. रिमोटचं लॉकही बसवलं. आता काय बदलावं?

उत्तर : गुरुजी, नमस्कार. सध्या काहीच बदलू नका. तिसरी बॅटरी नको, अल्टरनेटर नको, आणि वायरिंगला तर कोणालाही हात लावू देऊ नका. आधी एक आकडा हातात येऊ द्या : गाडी बंद असताना, चावी खिशात असताना ती बॅटरीतून किती करंट ओढते. दोन मिस्त्र्यांनी तुमची गाडी पाहिली आणि हा आकडा एकानेही मोजला नाही, याचं मला वाईट वाटतं. बायकोला दवाखान्यात न्यायची गाडी पहाटे चालू झाली नाही तर काय होतं, हे खेड्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. तिथे अंदाजाने सामान बदलत बसणं बरोबर नाही.

प्रत्येक गाडी उभी असताना थोडा करंट घेते. घड्याळ, रेडिओची मेमरी, इंजिनचा कॉम्प्युटर, हे सगळं जागं राहतं. वीस ते पन्नास मिलीअँपिअरपर्यंत हे चालतं. तुमच्या ८०० सारख्या साध्या गाडीत तर त्याहून कमीच असायला हवं. पन्नास मिलीअँपिअर धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-तास होतात, म्हणजे चांगली बॅटरी निम्मी व्हायलाच दोन आठवडे लागतात. तुमची तीन दिवसांत बसते. ३५ ची बॅटरी निम्मी झाली की सेल्फ उचलायला जड जातं. साडेसतरा अँपिअर-तास भागिले बहात्तर तास, उत्तर येतं पाव अँपिअरच्या आसपास. तुमच्या चिठ्ठीवरूनच एवढं निघतं. ठिबकची एक नळी रात्रंदिवस गळत राहिली तर टाकीला कितीही मोठी मोटर लावा, काय उपयोग? तसंच आहे हे. बॅटरी वारंवार पूर्ण उतरून आतून कमजोर झाली असेल तर गळती यापेक्षा थोडी कमीही निघेल.

आता पहिली परीक्षा, जिला पैसा लागत नाही. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरून घ्या. चार्जर काढून काही तास तशीच राहू द्या आणि मग मीटर लावा. १२.६ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. मग निगेटिव्हची, म्हणजे काळी केबल सोडा आणि गाडी तीन रात्री तशीच ठेवा. चौथ्या दिवशी बॅटरीवर १२.५ राहिले तर बॅटरी निर्दोष आणि चोर गाडीत आहे. केबल सोडलेली असूनही व्होल्ट १२.२ च्या खाली घसरले तर बॅटरीच गेली. बॅटरीला झाकणं असतील तर हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, प्रत्येक खान्याचं पाणी तपासा. भरलेल्या बॅटरीत १.२६० ते १.२८० दाखवतो. एखादाच खाना इतरांपेक्षा बराच खाली असेल तर त्या बॅटरीवर वेळ घालवू नका. केबल नेहमी आधी निगेटिव्हची काढायची आणि जोडताना शेवटी निगेटिव्हची. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी उडते.

बॅटरीचा माथाही बघा. काळ्या मातीची धूळ आणि आम्लाचा ओलावा मिळून वर एक थर बसतो, त्यातूनही दोन टर्मिनलमध्ये थोडा करंट पळतो. खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या, मात्र झाकणं घट्ट लावूनच, सोडा आत जाता कामा नये.

बॅटरी चांगली निघाली की मीटर. तीन-चारशे रुपयांत साधा डिजिटल मीटर मिळतो, तो घरात असूच द्या. लाल तार १० अँपिअरच्या छिद्रात घाला, मिलीअँपिअरच्या छिद्रात नाही. तिथे घालून चुकून जास्त करंट गेला तर मीटरचा फ्यूज उडतो. बॅटरीची काळी केबल सोडा आणि मीटर मधे लावा : एक टोक निगेटिव्ह टर्मिनलला, दुसरं सुटलेल्या केबलला. आता गाडीत जो करंट जाईल तो मीटरमधूनच जाईल. मीटर लागलेला असताना चावी फिरवायची नाही, सेल्फ तर मुळीच मारायचा नाही. सेल्फ शेकडो अँपिअर मागतो, मीटर जळेल.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात राहत नाही. फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली असतो, त्यासाठी दार उघडं ठेवावं लागतं आणि दार उघडलं की छताचा दिवा लागतो. तो दिवा ५ वॅटचा असतो, म्हणजे चारशे मिलीअँपिअरच्या वर. मग माणूस त्या दिव्याचाच आकडा पाहून घाबरतो. तो दिवा ‘बंद’वर करा किंवा दाराचा स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवा. दहा मिनिटं थांबा आणि आकडा वाचा. (नवीन गाड्यांमध्ये कॉम्प्युटर झोपायला अर्धा-पाऊण तासही लागतो, पण तुमच्या गाडीला तेवढी गरज नाही.)

०.०३ अँपिअर, म्हणजे तीस मिलीअँपिअर, दिसलं तर गाडी निर्दोष. ०.२० किंवा ०.३० दिसलं तर एकेक फ्यूज काढत जा आणि प्रत्येक वेळी मीटरकडे बघा. दोघं असाल तर बरं, एकाने फ्यूज काढायचे, दुसऱ्याने आकडा सांगायचा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येईल, चोर त्या रांगेत. फ्यूज जिथला तिथेच परत लावा, त्यासाठी आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

माझा अंदाज विचाराल तर तुम्ही उत्तर स्वतःच लिहिलं आहे : चावी न लावताही गाणी लागतात. म्युझिक सिस्टीमला दोन पॉझिटिव्ह वायर असतात. पिवळी वायर कायम बॅटरीवर, तिच्यावर मेमरी राहते. लाल वायर चावीवर, तिला करंट आला की सेट जागा होतो. बसवणाऱ्याने दोन्ही वायर एकत्र पिळून बॅटरीवर टाकल्या की चावीविना गाणी लागतात, ग्राहकही खूश होतो. पण सेट कधी पूर्ण झोपतच नाही. स्क्रीन काळी दिसते, आत तो जागाच असतो. माझ्या दुकानात दारव्ह्याला अशा गाड्या वर्षभर येतात, त्यातल्या कित्येकांची बॅटरी आधीच बदलून झालेली असते.

खात्री करून घ्या. बऱ्याच गाड्यांत छताचा दिवा आणि रेडिओची मेमरी एकाच फ्यूजवर असतात, म्हणून आकडा पडला तरी लगेच सेटला दोष देऊ नका. फ्यूज परत लावा आणि सेटच्या मागचा कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, काढा. आकडा पडला तर सेटच. मग लाल वायर वेगळी करून चावी फिरवल्यावरच जिच्यात करंट येतो अशा लाइनवर द्यायची, एवढंच काम. अर्ध्या तासाचं. चावीविना गाणी बंद होतील, ते मुलाला सांगून ठेवा.

एकही फ्यूज काढून आकडा हलला नाही तर समजा, चोर फ्यूज बॉक्समधून जातच नाही. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर मागाहून किती वायर आणून बांधल्या आहेत ते मोजा. रिमोट लॉकचा डबा, जादा हॉर्नचा रिले (विजेवर उघड-बंद होणारा स्विच), फॉग लॅम्प. एकेक सोडून बघा. लॉकचा डबा चांगला असेल तर थोडेच मिलीअँपिअर घेतो, पण मागाहून बसवलेल्या वस्तूचा मला भरवसा नाही. रात्री शांत वेळी गाडीजवळ उभे राहा, कुठे रिलेचा टिक-टिक आवाज येतो का ऐका.

आणि अल्टरनेटर. १४.१ व्होल्ट म्हणजे चार्जिंग उत्तम आहे, १३.८ ते १४.४ हेच हवं असतं. त्यामुळे बदला म्हणणाऱ्याकडे कारण नव्हतं. तरी एक शक्यता उरते. अल्टरनेटरच्या आत डायोड असतात, ते करंट एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा डायोड गळका झाला तर चार्जिंग बरं दिसतं, पण रात्री बॅटरी उलट त्याच्यातून उतरते. रात्रभर उभ्या गाडीचं बोनेट पहाटे उघडून अल्टरनेटरला हात लावा. बाकी इंजिन गार आणि तेवढाच कोमट लागला तर डायोड गेला. हिवाळ्यात हे छान कळतं. मे महिन्यात आपल्याकडे सगळंच तापलेलं असतं, तेव्हा मीटरच खरा : बॅटरीची केबल सोडून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा, मीटर पुन्हा मधे लावा. आकडा पडला तर तोच.

वायरिंग पूर्ण बदलायच्या मी विरोधात आहे. कंपनीची जुनी वायरिंग बहुतेक वेळा नव्या पिळलेल्या जोडांपेक्षा चांगली असते. अपवाद उंदरांचा. कापूस घरात येऊन पडला, सोयाबीनची पोती आली की उंदीर येतात आणि उबेला बोनेटमध्ये शिरतात. कुरतडलेली वायर बॉडीला टेकली की गळती सुरू. बॅटरीच्या खाली आणि इंजिनच्या मागच्या भिंतीला टॉर्च लावून बघा. वायर कुरतडलेली दिसली तर तेवढीच बदला.

दुरुस्ती होईपर्यंत यवतमाळची खेप चुकू नये म्हणून : गाडी घरी आणून उभी केली की काळी केबल सोडून ठेवा, निघताना जोडा. घड्याळ पुन्हा लावावं लागेल, बाकी बिघडत नाही. तरी उतरलीच तर शेजारचा ट्रॅक्टर चालतो, त्याची बॅटरीही बारा व्होल्टचीच असते. मोठ्या ट्रकची घेऊ नका, त्यात बहुधा चोवीस व्होल्ट असतात, तुमचा कॉम्प्युटर जळेल. लाल केबल आधी तुमच्या पॉझिटिव्हला, मग ट्रॅक्टरच्या पॉझिटिव्हला. काळी ट्रॅक्टरच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक तुमच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको. धक्का मारून चालू करायची सवय सोडा. तुमच्या गाडीत पेट्रोलचा पंप विजेवर चालतो, बॅटरी पूर्ण बसली तर पोरं दमतील, गाडी चालू होणार नाही.

मीटरचा आकडा आणि कोणत्या फ्यूजला पडला ते मला कळवा. सेट नाही निघाला तर पुढचं सांगतो.

प्रश्न : माझी जुनी बोलेरो संत्र्याच्या हंगामातच चालते, एरवी वावरातल्या शेडमध्ये महिनोन् महिने उभी. ट्रॅक्टरसारखा कट-ऑफ स्विच बसवला तर चालेल का? — वरुड तालुका

उत्तर : चालेल, ताई, आणि बसवाच. निगेटिव्ह केबलवर बसवा. स्विच चांगल्या प्रतीचा घ्या. हलक्या स्विचचे संपर्क सेल्फच्या करंटने जळतात आणि मग गाडी बसायला नवं कारण तयार होतं. पण स्विच बंद केला तरी बॅटरी स्वतःहून हळूहळू उतरते आणि उन्हाळ्यात लवकर उतरते. साधारण दहा अंश तापमान वाढलं की हा वेग दुप्पट होतो. म्हणून महिन्याला एकदा चार्जरवर लावा. उतरलेली बॅटरी तशीच महिनोन् महिने पडली तर प्लेटवर सल्फेटचा थर कडक होतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

प्रश्न : बॅटरीत फिल्टरचं पाणी टाकलं तर? — पुसद

उत्तर : नाही. फिल्टरच्या पाण्यात क्षार राहतातच. डिस्टिल्ड वॉटरच टाका, पंपावरही मिळतं. पाणी प्लेटच्या वर बोटाच्या रुंदीएवढं असावं, काठोकाठ नाही. प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच टाका, बाकी चार्ज झाल्यावर. एप्रिल-मे मध्ये दर पंधरा दिवसांनी बघत जा. ॲसिड मात्र घरी कधीच टाकू नका.