नमुना तयार, मग चाकू दुकानात का नाही?

प्रश्न : मी भोसरीत टूलरूममध्ये काम करतो. खिशात ठेवायच्या घडीच्या चाकूंचा नाद लागलाय. अमेरिकन कंपन्या नवीन मॉडेल जूनच्या प्रदर्शनात दाखवतात, फोटो सगळीकडे फिरतात आणि बाजारात यायला वर्ष-दीड वर्ष, कधी कधी येतच नाही. आमच्याकडे वायरकट (तारेने धातू कापणारं मशीन) आणि व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) असा पीस आठवड्यात निघेल. हे लोक मुद्दाम ताणतात का?

उत्तर : थोडं मुद्दाम असतंही, खोटं कशाला बोला. तुम्ही म्हणता त्या जूनच्या प्रदर्शनात, म्हणजे अटलांटाच्या ब्लेड शोमध्ये, नमुना मांडला की डीलर किती माल उचलतील ते फुकटात कळतं, आणि कोणी विचारलंच नाही तर मॉडेल गुपचूप गायब.

पण आठवड्यात निघेल तो एक पीस हो! तो तुम्ही फाइल मारून, एमरी घासून बसवणार. तोच जॉब हजारो वेळा, कोणी हात न लावता बसायला हवा, आणि सगळं अडतं ते लॉकपाशी, म्हणजे उघडलेलं पातं आपोआप मिटू न देणाऱ्या भागापाशी. लायनर लॉक घ्या, मायकल वॉकर या चाकू बनवणाऱ्या कारागिराने ऐंशीच्या दशकात आजच्या रूपात आणलेला. आतली पातळ पट्टी स्प्रिंगसारखी सरकून पात्याच्या बुडाला टेकते, बास एवढंच, पण बुडाचा तो उतार जरा जास्त झाला तर पट्टी सटकते आणि पातं बोटांवर मिटतं, कमी झाला तर अशी चिकटते की अंगठ्याने सुटत नाही. त्यात हार्डनिंगला (तापवून कडक करायला) गेलेलं पातं मापात थोडं हलणारच, हे तुमचं रोजचंच दुखणं. म्हणून लॉक टेकतो तेवढा भाग हार्डनिंगनंतर ग्राइंड करायचा, त्यासाठी पातं दरवेळी त्याच जागी धरणारं फिक्स्चर बनवायचं, पायलट लॉट (चाचणीपुरते थोडे पीस) काढायचा, त्यातले ढिले-घट्ट पीस बाजूला काढून मापं बदलायची, की पुन्हा पायलट लॉट. महिने जातात ते इथे.

आणि बाजारात आलं म्हणजे संपलं असंही नाही. ख्रिस रीव्ह या चाकू बनवणाऱ्याच्या सेबेन्झा मॉडेलमध्ये टायटॅनियमची मूठच चिरून तिची लॉकची पट्टी केलेली, गाजलेलं डिझाइन, पण टायटॅनियम स्टीलवर घासून झिजतं, चिकटतं. तर पुढे सेबेन्झा २५ मध्ये पट्टीच्या टोकाला सिरॅमिकचा बॉल बसवला.

बाकी रांगेचा त्रास आहेच. स्वतःचा कारखाना नसलेले छोटे ब्रँड चीनच्या यांगजियांगमध्ये नाहीतर जपानच्या सेकीमध्ये काम देतात, तिथे मोठ्या गिऱ्हाइकाचा माल आधी लागतो.

प्रश्न : डिझाइन बाहेरच्या माणसाचं असलं तर त्याला काय मिळतं? माझ्याकडेही एक लॉक आहे डोक्यात. (तेच वाचक)

उत्तर : बहुतेक वेळा रॉयल्टी, विकलेल्या प्रत्येक पीसमागे थोडे टक्के, शिवाय चाकूवर नाव. कोलोरॅडोच्या स्पायडर्को या चाकू कंपनीने १९९० च्या सुमारास बॉब टेर्झुओला या हाताने चाकू बनवणाऱ्या कारागिराचं डिझाइन घेतलं, आणि आता ही पद्धत सगळीकडे रुळलीय. कारागिराच्या एका चाकूसाठी लोक वर्ष वर्ष थांबतात, कंपनीचा त्याच डिझाइनचा चाकू बऱ्याच कमी पैशांत मिळतो, दोघांचं भागतं.

खरा पैसा मात्र लॉकसारख्या यंत्रणेत. बिल मॅकहेन्री आणि जेसन विल्यम्स या दोघांनी आडव्या पिनचा अ‍ॅक्सिस लॉक काढला, बेंचमेड या अमेरिकन कंपनीने १९९८ मध्ये तो ७१० मॉडेलमध्ये आणला, आणि पेटंट होतं तोवर बाकीचे नुसते बघत बसले. मुदत संपल्यावर तसाच लॉक ज्याच्या-त्याच्याकडे दिसायला लागला, नाव वेगळं एवढंच. स्पायडर्कोवाले इथे जास्त हुशार निघाले, पात्यातलं ते अंगठ्याने उघडायचं गोल भोक, १९८१ च्या वर्कर मॉडेलपासून चालत आलेलं, त्याचं पेटंट केव्हाच संपलं, पण तोवर त्यांनी भोकाचा ट्रेडमार्क करून ठेवला होता!

तेव्हा तुमच्या लॉकचा व्हिडिओ आधी टाकू नका. भारतात पेटंट काय नि डिझाइन नोंदणी काय, जगजाहीर झालेली गोष्ट नवी म्हणून नोंदवणं अवघड जातं. आधी अर्ज, मग मिरवा.

प्रश्न : असा चाकू खिशात घेऊन फिरलं तर पोलीस धरतील का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : शस्त्र नियम २०१६ मध्ये मर्यादा आहे ती ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याची, त्यातून घरकाम-शेतीची हत्यारं वगळलीत. खिशातला ३ इंची चाकू त्याच्या खूप खाली. पण महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ३७ विसरू नका, सण, मोर्चे, निवडणुकीच्या काळात मनाई आदेश निघतो आणि त्यात चाकू येतात, तेव्हा इंच कोणी मोजत बसत नाही. विमानात केबिन बॅगेत तर अजिबात नको, चेक-इनच्या बॅगेत टाका. आणि बटण दाबून फटकन उघडणारा असेल तर तो घरीच बरा.