बाटलीचं तोंड धरलं तर

तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवायला घेतलेस, फार बरं वाटलं भाऊ. अॅक्रिलिक रंगाच्या बाटल्यांची तोंडं धरतात, म्हणजे रंग वाळून बुजतात म्हणतोस, तर आधी तेच पाहू.

जोर लावून दाबू नको. नोझल, म्हणजे थेंब पाडायचं टोक, उडतं आणि अर्धी बाटली बैलाच्या पाठीवर सांडते. वरून सुईही खुपसू नको. वाळलेली खपली आत जाते आणि दोन थेंबांनी परत तिथंच अडकते. नोझल उपटून काढ, सुई खालच्या बाजूनं घाल, म्हणजे खपली बाहेर पडते. अॅक्रिलिक रंग ओला असेल तोवरच पाण्यानं निघतो. एकदा पक्का वाळला की मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. त्यात नोझल तासभर ठेव, चुलीपासून लांब. मग धुऊन पूर्ण कोरडं कर आणि बसव.

खरं काम मात्र रोजचं आहे. थेंब पाडला की बाटली उभी धर, दाब हलकेच सोड. हवा आत जाते आणि नळीतला रंग खाली उतरतो. मग ओल्या धोतराच्या चिंधीनं टोक पूस, झाकणही आतून पूस. झाकणातला तो सुकलेला थेंबच दुसऱ्या दिवशी भोक बुजवतो.

मे महिन्यात आपल्या विदर्भात पारा ४५ च्या वर जातो. टिनाच्या खोलीत, कूलरच्या झोतात बाटली उघडी ठेवलीस तर रंग पाहता पाहता आळतो. माठाजवळच्या सावलीत ठेव.

आणि बाटलीच्या तोंडात साधी टाचणी खोचून ठेवू नको. माझा पांढरा रंग तिच्या गंजानं पिवळा पडला होता, ऐन पोळ्याच्या आदल्या रात्री. स्टेनलेस स्टीलचीच घे.