शॉकअप शेवटच्या खाचेवर कशाला?

प्रश्न : माझी पाच वर्षांची स्प्लेंडर आहे. वजन ५८ किलो, रोज गारगोटी-कोल्हापूर एकट्याचं जाणं-येणं. सर्व्हिसिंगनंतर मागून असे दणके बसतात की कंबर धरते. मेस्त्री म्हणाला, "शॉकअप टाइट करून दिलेत, आता बघायला नको." गॅसचे शॉकअप घालू का? रविवारी मंडळीही मागे असतात.

उत्तर : पैसे तूर्त खिशातच राहू द्या. गाडी डबल स्टँडवर लावा आणि स्प्रिंगच्या बुडाची पायऱ्यांची रिंग बघा. पाच खाचा असतात. तुमची बहुतेक सर्वांत वरच्या खाचेवर अडकवलीय. आलेली प्रत्येक गाडी पाचवर नेऊन सोडायची, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड आहे.

खाच वाढवली म्हणून स्प्रिंगची तार काही जाड होत नाही. स्प्रिंग आधीच जास्त दाबून ठेवली जाते, एवढंच. मग ५८ किलोचा माणूस बसला तरी मागची बाजू जेमतेम खाली येते. खड्डा आला की चाकाला खाली उतरायला वाव नसतो, आणि बारीक उंचवट्यावर शॉकअप जागचा हलत नाही. दणका थेट तुमच्या माकडहाडाला!

टूलकिटमधल्या सी-पान्याने रिंग दुसऱ्या खाचेवर आणा. दोन्ही बाजू सारख्याच हव्यात, नाहीतर मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर पीळ येतो. आता मोजा. चाक अधांतरी असताना मागच्या एक्सलच्या नटापासून सरळ वर सीटच्या कडेपर्यंत टेप धरा. मग गाडी स्टँडवरून काढून तुम्ही बसा, कुणाला तरी पुन्हा मोजायला सांगा. दोन ते तीन सेंटिमीटर फरक आला की जमलं. कमी आला तर पहिली खाच, जास्त आला तर तिसरी.

मंडळी बसल्यावर दोनेक खाचा वर न्या. रात्री हेडलाइट झाडाच्या शेंड्यावर पडू लागला, तर मागची बाजू फार बसलीय असं समजा. हवा मात्र चेनकव्हरवरच्या स्टिकरप्रमाणेच, टायर थंड असताना भरा. एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा असतो. डबलसीटची हवा भरून एकटे फिरलात तर खाच बदलूनही दणके राहतील.

एवढं करून सीट जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक. दोन-तीनदा उसळली, किंवा दांड्यावर तेलाचा ओघळ दिसला, तर शॉकअप गेलेत. मग कंपनीचे साधेच घ्या, पण जोडीने बदला. बाजारातले डबीवाले गॅसचे शॉकअप पुष्कळदा जड गाड्यांच्या हिशेबाचे असतात, तुमच्या वजनाला ते आणखी कडक लागतील.